प्रश्नपत्रिकेतल्या आकृत्या, नकाशे, आलेख सगळ्या मुलांना वाचता यावेत म्हणून: नेहमी येणारे प्रश्न

शाळेतले शिक्षक, पेपर काढणारे, क्लासवाले, डीटीपी करणारे आणि अधूनमधून पालकसुद्धा फिरून फिरून हेच विचारतात, म्हणून एकदाच लिहून ठेवलंय. मुख्य भर दृष्टिहीन आणि अल्पदृष्टी मुलांवर आहे, रंगांधळेपणाचंही थोडं आहे. उदाहरणं मराठी माध्यमाच्या भूगोल-गणित-विज्ञानातली घेतलीत कारण अडतं ते तिथेच.

सुरुवात कुठून करायची? आधी उठावाच्या (बोटाने वाचायच्या) आकृत्या काढायचं मशीन घ्यावं लागेल का?

मशीनचं नंतर बघू. आधी प्रश्न वाचा आणि स्वतःला विचारा की उत्तर लिहायला मुलाला या चित्रातून नेमकं काय घ्यायचंय. बऱ्याचदा उत्तर येतं, काहीच नाही! फुगेवाल्याचं चित्र आहे आणि खाली लिहिलंय "एका फुग्याची किंमत ५ रुपये तर १२ फुग्यांची किती", इथे चित्र नुसतं शोभेला आहे, ते काढून टाका, कोणाचंच नुकसान होत नाही, उलट ज्या मुलांचं लक्ष पटकन विचलित होतं त्यांनाही बरं. काही चित्रं मदतीला असतात पण सगळी माहिती शब्दांतही दिलेली असते. आणि काही चित्रं म्हणजेच प्रश्न असतो, नकाशा वाचा, आलेखावरून सांगा, कोन ओळखा. खरं काम या तिसऱ्या प्रकाराचं आहे.

आणि हे ठरवायचं कोणी, तर ज्याने प्रश्न काढला त्याने, प्रश्न काढतानाच. पेपर छापून झाल्यावर कोणीतरी ब्रेलवाल्याला पीडीएफ पाठवतो आणि म्हणतो "यातल्या आकृत्यांचं बघा जरा", तेव्हा त्या बिचाऱ्याला प्रश्नाचा हेतू माहीत नसतो, तो अंदाजाने एक रेघ ठेवतो आणि एक काढतो आणि तीच नेमकी गरजेची असते.

चित्र आहे तसंच्या तसं उठावाचं करून दिलं तर चालेल ना?

नाही चालत, सगळ्यात जास्त गडबड इथेच होते. डोळा आधी पूर्ण चित्र बघतो आणि मग बारकावे शोधतो, बोटाचं उलटं असतं, बोटाला एका वेळी बोटाच्या टोकाएवढंच कळतं आणि तुकडे जोडत जोडत चित्र डोक्यात तयार करावं लागतं. शिवाय बोटाच्या टोकाला दोन बिंदू वेगळे आहेत हे कळायला त्यांच्यात साधारण २ मिलिमीटर अंतर लागतं, त्याहून जवळ असले की एकच वाटतात. छापील पुस्तकात १ मिलिमीटरवर दोन रेघा असतात आणि आपल्याला आरामात दिसतात, तेच उठावाचं केलं की हाताला नुसता खडबडीत पट्टा लागतो.

महाराष्ट्राचा नकाशा घ्या. राज्य पूर्व-पश्चिम साधारण ८०० किलोमीटर आहे, ते आडव्या ए-फोर कागदावर २५ सेंटीमीटरमध्ये बसवलं तर १ सेंटीमीटर म्हणजे ३२ किलोमीटर झाले. मुंबई शहर जिल्ह्याचं क्षेत्रफळ १५७ चौरस किलोमीटर, म्हणजे कागदावर तो जेमतेम ४ मिलिमीटरचा ठिपका! ब्रेलचं एक अक्षर त्याहून मोठं असतं. आता त्याच कागदावर ३६ जिल्ह्यांच्या सीमा, वर गोदावरी, कृष्णा, तापी, वर सह्याद्री आणि प्रत्येकाचं नाव... मुलाने काय वाचायचं?

मग नकाशा करायचा तरी कसा?

तोडून. एका कागदावर राज्याची बाह्य सीमा आणि फक्त नद्या, दुसऱ्यावर तीच बाह्य सीमा त्याच मापात आणि फक्त प्रशासकीय विभाग, कोकण, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती, नागपूर. जिल्हे हवेच असतील तर एकेका विभागाचा वेगळा मोठा नकाशा. सीमा सगळ्या कागदांवर एकाच मापाची आणि एकाच जागी हवी, म्हणजे मूल दोन्ही कागद शेजारी ठेवून एकावरचं दुसऱ्यावर ताडून बघू शकतं.

किनारा साधा करा. कोकणचा किनारा शेकडो किलोमीटरचा, त्यात शेकडो वळणं आणि खाड्या, त्या सगळ्या ठेवल्या तर किनारा कुठे संपतो आणि नदी कुठे सुरू होते तेच कळत नाही. प्रश्न खाड्यांवर असेल तर मात्र खाड्या ठेवा आणि बाकीचं काढा. भूगोलाच्या शिक्षकांना हे सुरुवातीला फार जड जातं, "नकाशा चुकीचा नाही का होणार?" असं विचारतात, पण भिंतीवरचा नकाशासुद्धा काहीतरी गाळूनच केलेला असतो की.

समुद्राला एक हलकं टेक्स्चर (हाताला लागणारा खडबडीतपणा) द्या, जमीन गुळगुळीत ठेवा, म्हणजे हात कागदावर पडल्या पडल्या पश्चिम कुठे ते कळतं. टेक्स्चरं तीन, फार तर चार, त्यापुढे बोट गोंधळतं. आणि कागदाचा वरचा उजवा कोपरा तिरका कापून टाका, म्हणजे कागद उलटा धरला गेला तर लगेच लक्षात येईल. सोपी युक्ती आहे पण रोज उपयोगी पडते.

मापं काय पाळायची? अंदाज तरी द्या.

दोन रेघांमध्ये, रेघ आणि अक्षरात, चिन्ह आणि रेघेत निदान ३ मिलिमीटर मोकळी जागा. बिंदूची चिन्हं (शहर, धरण वगैरे) ५-६ मिलिमीटरची आणि आकाराने एकदम वेगळी, गोल आणि त्रिकोण चालेल, गोल आणि षटकोन नाही चालणार. रेघांचेही तीनच प्रकार पुरेत, जाड अखंड, तुटक आणि ठिपक्यांची. जे सगळ्यात महत्त्वाचं ते सगळ्यात ठळक उठावाचं, आलेखात खुद्द आलेखाची रेघ ठळक, अक्ष त्याहून कमी आणि मागची ग्रिड अगदी हलकी किंवा नकोच. दोन रेघा एकमेकींना छेदत असतील तर खालची रेघ छेदाच्या अलीकडे पलीकडे थोडी तोडा, नाहीतर बोट चौकात रस्ता चुकतं.

नावं ब्रेलमध्ये लिहायची तर जागाच पुरत नाही!

बरोबर आहे, ब्रेल बारीक करता येत नाही. एका अक्षराला साधारण ६ मिलिमीटर रुंदी जाते आणि ओळीला १० मिलिमीटर, म्हणजे दहा अक्षरघरांचं (एक घर म्हणजे सहा टिंबांची जागा) नाव ६ सेंटीमीटर खातं, आणि मराठीत काना-मात्रांना आणि जोडाक्षरांना वेगळी घरं लागतात त्यामुळे "सह्याद्री" सुद्धा वाटतं त्यापेक्षा लांब जातं. म्हणून आकृतीवर दोन-तीन घरांची खूण आणि सूची वेगळ्या कागदावर. खुणा ओळखू येतील अशा ठेवा, गोदावरीला "गो", कृष्णेला "कृ", क्रमाने १-२-३ देऊ नका, सारखं सूचीत जाऊन बघावं लागतं. ब्रेल नेहमी आडवंच, नदीच्या वळणावर तिरकं लिहायचं छापील नकाशात शोभतं, इथे नाही.

भूमितीत अजून एक भानगड आहे. आपल्याकडे मराठी माध्यमातही त्रिकोणाला ए, बी, सी अशीच नावं देतात. भारती ब्रेलमध्ये (भारतीय भाषांचं ब्रेल) आणि इंग्रजी ब्रेलमध्ये सहा टिंबांच्या खुणा बऱ्याच सामायिक आहेत, इंग्रजी ए म्हणजे अ, बी म्हणजे ब, पण सी म्हणजे च आणि डी म्हणजे द. मुलाने मराठी समजून वाचलं तर त्रिकोण अ ब च होतो. म्हणून आकृतीच्या वर एकदाच लिहा की अक्षरं इंग्रजी आहेत, आणि हीच पद्धत वर्षभर ठेवा.

उठावाच्या आकृत्या बनवायच्या पद्धती कोणत्या? कुठली चांगली?

स्वेल पेपर: खास कागद असतो, त्यावर लेझर प्रिंटरने किंवा झेरॉक्सने काळी आकृती छापायची आणि उष्णतेच्या मशीनमधून काढायची, काळं छापलेलं जास्त उष्णता घेतं आणि तेवढाच भाग फुगतो. झटपट होतं, दुरुस्ती सोपी, थोड्या प्रतींसाठी उत्तम. पण बहुतेक सगळं एकाच उंचीचं येतं, आणि आकृती शुद्ध काळ्या-पांढऱ्यात हवी, करडा रंग ठेवलात तर अर्धवट फुगतो.

थर्मोफॉर्म: दोरा, पुठ्ठा, सँडपेपर वापरून हाताने एक मूळ साचा करायचा आणि त्यावर प्लॅस्टिकची शीट तापवून व्हॅक्युमने ओढून घ्यायची. उंची छान कमीजास्त मिळते आणि एकाच साच्यावरून भरपूर प्रती निघतात. तोटा असा की घामट बोटं प्लॅस्टिकला चिकटतात, आणि आपल्या बोर्डाच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, त्यातून विदर्भात! पेपरसाठी निवड करताना याचाही विचार करा.

ब्रेल एम्बॉसर (कागदावर टिंबं उठवणारा प्रिंटर) ज्यांच्याकडे आहे त्यांना मजकूर आणि आकृती एकाच कागदावर काढता येते, काही मशीनवर टिंबांची उंचीही बदलता येते. पण रेघ टिंबांचीच येते, त्यामुळे बारीक वक्र नीट येत नाहीत. माझं मत विचाराल तर सराव आणि चाचणीला स्वेल पेपर, आणि वर्षानुवर्षं लागणाऱ्या नकाशांना थर्मोफॉर्म. पण मशीनपेक्षा आकृती साधी करणारा माणूस जास्त महत्त्वाचा, खराब आकृती कुठल्याही मशीनमधून खराबच निघते.

आमच्या शाळेत यातलं काहीच नाही. तालुक्याला पण नाही.

मग फेव्हिकॉल आहे ना. मेंदीच्या कोनात फेव्हिकॉल भरून जाड कागदावर रेघा काढा आणि रात्रभर वाळू द्या, चांगला उठाव येतो. जाड रेघेला लोकर, सीमेला सुतळी, समुद्राला सँडपेपर, शहरांना बटणं किंवा डाळ (डाळ पावसाळ्यात टिकत नाही). मुलाने स्वतः काढायचं असेल तर रबरी मॅटवर पातळ प्लॅस्टिकची फिल्म ठेवून बॉलपेनने दाबून काढतात, रेघ तिथल्या तिथे उठून येते आणि मुलाला आपण काय काढलं ते लगेच हाताला लागतं. भूमितीला हे फारच उपयोगी, आणि अंध मुलांना आकृती काढता येत नाही हा समजही तिथेच गळून पडतो.

घन, शंकू, हृदय अशा त्रिमितीय गोष्टींचं काय?

कागदावर घन काढतात तो डोळ्यांची फसवणूक करून, तिरक्या रेघा बघून आपल्याला खोली वाटते. बोटाला तिथे एक चौकोन आणि दोन वेडेवाकडे चौकोन लागतात, बाकी काही नाही. त्यामुळे घनाच्या जागी खरा घन द्या, शंकूच्या जागी शंकू. ते शक्य नसेल तर समोरून आणि वरून असे दोन सपाट आकार वेगवेगळे काढा आणि तसं लिहा. हृदयाला सरळ उभा छेद घ्या, चार कप्पे आणि मुख्य रक्तवाहिन्या, झडपा वेगळ्या कागदावर.

वर्णन लिहायचं तर उत्तरच फुटतं की! काय करायचं?

हा सगळ्यात चांगला प्रश्न आहे म्हणून जरा लांबण लावतो.

तापमापीचं चित्र आहे, "तापमान किती?" असा प्रश्न आहे. वर्णनात "तापमापीत ३४ अंश दिसत आहेत" लिहिलं तर खेळ खलास. पण "तापमापीचे चित्र" एवढंच लिहिलं तर मुलाच्या हातात काहीच नाही. लिहायचं असं: "तापमापीवर ३० आणि ४० अशा दोन मोठ्या खुणा आहेत, त्यांच्यामध्ये १० समान भाग आहेत, पाऱ्याची पातळी ३० च्या वर चौथ्या खुणेवर आहे." आता मुलाला तेच करावं लागतं जे बघणाऱ्या मुलाला करावं लागतं, एका भागाची किंमत काढायची आणि मोजायचं. घड्याळाचंही तसंच, "साडेचार वाजलेत" नाही, तर "लहान काटा ४ आणि ५ च्या बरोबर मध्ये, मोठा काटा ६ वर". म्हणजे जे दिसतं ते सांगा, त्याचा अर्थ सांगू नका.

स्तंभालेखाला तक्ता देतात, तो कधी चालतो आणि कधी नाही. महिन्यांच्या पावसाचा स्तंभालेख आहे आणि प्रश्न आहे "जूनच्या तुलनेत जुलैत किती टक्के पाऊस जास्त", तर तक्ता खुशाल द्या, कारण तपासायचं आहे ते गणित. पण प्रश्न "स्तंभावरून जुलैचा पाऊस वाचा" असा असेल तर तक्त्यात आकडा आयता मिळतो, तिथे उठावाचा आलेखच हवा.

आणि काही प्रश्न वर्णनात बसतच नाहीत. "नकाशात बाणाने दाखवलेली नदी ओळखा" याचं वर्णन काय करणार? "नाशिक जिल्ह्यात उगम पावून आग्नेयेकडे वाहणारी" लिहिलं की नकाशावाचन संपलं आणि पाठांतर सुरू झालं, शेजारच्या मुलाला वेगळं तपासलं आणि याला वेगळं. अशा वेळी ओढूनताणून वर्णन करू नका, एकतर उठावाचा नकाशा द्या नाहीतर सरळ पर्यायी प्रश्न द्या.

पर्यायी प्रश्न देणं म्हणजे सवलत नाही का?

नीट काढला तर नाही. सीबीएसईच्या पेपरमध्ये नकाशाच्या किंवा आकृतीच्या प्रश्नाखाली फक्त दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी म्हणून वेगळा प्रश्न छापलेला असतो. कल्पना चांगली आहे, पण पर्यायी प्रश्न काढताना दोन टोकं गाठली जातात, एकतर "कोणत्याही दोन नद्यांची नावे लिहा" इतका सोपा नाहीतर तीन गुणांसाठी पानभर निबंध. तोच घटक, तेच गुण आणि जवळपास तेवढंच डोकं लागलं पाहिजे. नदी ओळखायची होती तर "पुढील शहरे कोणत्या नदीकाठी आहेत आणि ती उगमाकडून मुखाकडे कोणत्या क्रमाने येतात" असं काहीतरी विचारा, निदान स्थानाचा विचार तरी करावा लागेल.

लेखनिक असतोच की, तो सांगेल चित्रात काय आहे.

लेखनिक (मुलाने सांगितलेलं उत्तर लिहून देणारा) काय सांगेल याचा भरवसा काय? एक जण म्हणेल "त्रिकोण आहे बघ", दुसरा नकळत म्हणेल "हा काटकोन त्रिकोण आहे", आणि प्रश्न नेमका तोच असतो. लेखनिकाचा यात दोष नाही, त्याला कोणी शिकवलेलंच नसतं, आणि तो त्या विषयाचा नसेल तर आलेखाचे अक्ष कसे वाचायचे हेही त्याला माहीत नसतं. म्हणून वर्णन पेपर काढणाऱ्यानेच लिहून पेपरसोबत द्यायचं आणि लेखनिकाने ते शब्दशः वाचायचं, कितीही वेळा. तसं केलं तर गडचिरोलीतल्या मुलाला आणि ठाण्यातल्या मुलाला एकच चित्र मिळतं.

अल्पदृष्टी मुलांना ए-थ्रीवर झेरॉक्स करून देतो, तेवढं पुरे ना?

हिशोब करा. ए-फोरचं ए-थ्री म्हणजे १४१ टक्के, १२ पॉइंटचं अक्षर १७ पॉइंटचं होतं. मोठ्या छपाईला निदान १८ धरतात, म्हणजे तिथेही पोचत नाही, वर एवढा मोठा कागद बाकावर मावत नाही आणि डोळ्याजवळ धरला तर मान सारखी इकडून तिकडे. त्यापेक्षा ए-फोरवरच १८ ते २४ पॉइंटमध्ये नव्याने लावा. मुलाला कुठला आकार सोयीचा ते मुलालाच विचारा.

देवनागरीत बारीक फॉन्ट अजिबात नको. घ-ध, भ-म, ब-व यांच्यात फरक एवढासा असतो आणि अनुस्वार, रफार हे तर आधी गायब होतात. सारख्या जाडीचा, उघड्या अक्षरांचा फॉन्ट घ्या, मुक्ता किंवा नोटो सॅन्स देवनागरी चांगले आहेत, आणि ओळींमध्ये जागा सोडा नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीवर बसतो. आकृतीच्या आतली नावंही त्याच आकारात हवीत, मजकूर १८ चा आणि आकृतीतली नावं ८ ची हे फार दिसतं.

रंगांचं काय? रंगीत आकृती छान समजते मुलांना.

समजते, पण लाल आणि हिरवा वेगळे न दिसणारी मुलं तुमच्या वर्गात असू शकतात, बहुतेक मुलगेच, आणि बऱ्याचदा त्यांना स्वतःलाही माहीत नसतं. नियम एकच, माहिती फक्त रंगावर ठेवू नका. वर्तुळालेखात बाजूला रंगांची सूची देण्यापेक्षा प्रत्येक भागावर नाव लिहा. रंग वापरायचेच तर निळा आणि नारिंगी ही जोडी बरी. कॉन्ट्रास्टसाठी वेबचे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, मजकुराला ४.५ ला १ आणि आकृतीतल्या रेघांना ३ ला १, तपासायची साधनं फुकट मिळतात. आणि साधनंही नको असतील तर आपली गावठी चाचणी, पान काळ्या-पांढऱ्यात झेरॉक्स करून बघा. नाहीतरी शेवटी सराव पेपर झेरॉक्सवरच जातो आणि तुमचे सात रंग सात करडे होतात!

लिटमससारख्या ठिकाणी रंग हाच मुद्दा असतो, तिथे पट्टीखाली "निळा", "लाल" असं लिहा.

पेपर संगणकावर असेल तर?

मजकूर युनिकोडमध्ये हवा. जुन्या एन्कोडिंगच्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं आपल्याला मराठी दिसतं पण एनव्हीडीएसारखा स्क्रीन रीडर (पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) त्याचा भलताच कचरा वाचतो. आकृतीला ऑल्ट टेक्स्ट (चित्राच्या जागी वाचलं जाणारं वर्णन) द्या, पण तिथे एक-दोन वाक्यंच, लांब वर्णन आकृतीखाली साध्या मजकुरात, कारण ऑल्ट टेक्स्टमध्ये मागे-पुढे जाऊन पुन्हा वाचणं अवघड जातं. शोभेच्या चित्राला "सजावटीचे" अशी खूण करा म्हणजे ते वाचलं जाणार नाही. आणि गणिताची समीकरणं फोटो काढून चिकटवू नका, कृपया.

जादा वेळ मिळतो ना, मग एवढं कशाला?

केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार दर तासाला निदान २० मिनिटं जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. पण जी आकृती वाचताच येत नाही तिच्यासमोर मूल चार तास बसलं तरी काय होणार. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ च्या कलम १७ मध्ये अभ्यासक्रम आणि परीक्षा पद्धतीतच योग्य ते बदल करायला सांगितलंय, वेळ हा त्यातला एक भाग.

पाठ्यपुस्तकातली आकृती उठावाची केली तर कॉपीराइटची भानगड?

कॉपीराइट कायद्यात २०१२ ला दुरुस्ती झाली, दिव्यांग व्यक्तींसाठी वाचता येईल अशा स्वरूपात रूपांतर करून द्यायला त्यात मुभा आहे. त्याचा धंदा करू नका म्हणजे झालं.

पेपर गोपनीय असतो, मग आकृती आधी तपासून कशी घ्यायची?

प्रश्न गोपनीय असतो, पद्धत नाही. रेघांचे प्रकार, टेक्स्चर, खुणा, सूचीची जागा हे सगळं वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवा आणि ब्रेल वाचणाऱ्या माणसाकडून तपासून घ्या. डोळे मिटून स्वतः बोट फिरवलं आणि "कळतंय की" म्हटलं तर ते धरायचं नाही, तुम्हाला आकृती आधीच माहीत असते. मग घटक चाचणी, सहामाही, सराव पेपर सगळीकडे तीच पद्धत वापरा. मुलाने स्वेल पेपर पहिल्यांदा हातात धरला तो बोर्डाच्या दिवशी, असं होऊ देऊ नका, त्याची पंधरा मिनिटं नुसती ओळख करण्यात जातात.

प्रत्यक्ष परीक्षेच्या दिवशी काय बघायचं?

आकृत्या सुट्या कागदांवर द्या, पेपरला शिवू नका, म्हणजे प्रश्न आणि आकृती शेजारी ठेवता येतात. प्रत्येक कागदावर वरती प्रश्न क्रमांक ब्रेलमध्ये आणि छापीलही, छापील पर्यवेक्षकासाठी. कागद घडी घालून किंवा दोऱ्याने घट्ट बांधून पाठवू नका, उठाव दबतो, सपाट पुठ्ठ्याच्या पाकिटात पाठवा. एक जादा संच ठेवा. आणि बाक मोठा द्या किंवा दोन बाक जोडा, ब्रेल पाटी, पेपर आणि आकृत्या एका बाकावर मावत नाहीत.